उशीखालचं घड्याळ

घड्याळजींनी दुरुस्त केलेलं गजराचं घड्याळ वाजलं आणि माणूस उठला नाही, असं बत्तीस वर्षांत गावात झालं नव्हतं. अपवाद एकच, आणि तो दुकानाच्या वर, त्यांच्याच घरातल्या मागच्या खोलीत झोपत असे. त्यांची मुलगी.

तिला लहानपणापासून कमी ऐकू यायचं. दिवसा कानात मशीन असली आणि समोरचा तिच्याकडे तोंड करून बोलत असला, की बोलण्यात ती कोणाला हार जात नसे. झोपताना मशीन काढून डबीत ठेवली की मात्र जगाचं दुकान बंद. मग सकाळी आई जाऊन तिचा खांदा हलवायची. चोवीस वर्षं तो खांदा हलत होता आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

वावगं वाटलं ते डेअरीच्या मॅनेजरला. एकेचाळीस उमेदवारांतून ही पोरगी दूध तपासनीस म्हणून निवडली गेली. पहाटे पाचला पहिला टँकर येतो, आणि तपासनिसाने नमुना घेऊन सही केल्याशिवाय त्याचा नळ उघडत नाही. मुलाखत संपता संपता मॅनेजरने विचारलं, "तुम्हाला सकाळी उठवतं कोण?" ती खरं ते बोलली. "आई." मॅनेजर हसला नाही, त्याने नुसतं कागदावर काहीतरी लिहिलं. ते नंतर नेमणूकपत्रात टाइप होऊन आलं: पहिल्या महिन्यात एकदाही उशीर झाल्यास दुपारच्या पाळीत बदली, पाकिटं मोजायला.

"मी उठवीनच की," आई म्हणाली. "आजवर कधी चुकले का?"

"नोकरी मला लागलीय, आई," मुलगी म्हणाली. "दोघींना मिळून नाही."

हे ऐकून घड्याळजींची मान ताठ झाली. आणि मान ताठ झालेला कारागीर जे करतो ते त्यांनी केलं. कोणी सांगितलेलं नसताना कामाला लागले.

दोन घंट्यांचं एक पितळी घड्याळ त्यांनी निवडलं. हातोडी काढून दुप्पट वजनाची बसवली, स्प्रिंग नवी घातली, खाली पत्र्याचा डबा उपडा ठेवला. दुकानात वाजवून पाहिलं. स्वतःलाच दहापैकी दहा गुण दिले आणि रविवारी सकाळी सहाला ते मुलीच्या उशाशी लावलं.

सहा वाजून एका मिनिटाने शेजारचे निवृत्त हेडमास्तर तोंडात टूथब्रश घेऊन जिन्यात उभे होते. समोरच्या घरातली दोन लहान मुलं रडत होती. घड्याळजींची धाकटी बहीण, म्हणजे मुलीची आत्या, याच घरात राहून सगळ्यांवर बारीक लक्ष ठेवी. ती छातीवर हात ठेवून बाहेर आली. "दादा, इमारत पडली का रे? पडली असली तर मी दागिने काढते."

मुलगी कुशीवर वळून गाढ झोपली होती. चेहऱ्यावर इतकी शांती होती की घड्याळजींना क्षणभर हेवा वाटला.

आईने खांदा हलवून उठवल्यावर तिने ते यंत्र हातात घेऊन बारकाईने पाहिलं. "काम सुंदर झालंय, बाबा. पण कोणाच्या कानाने तपासलंत?"

घड्याळजी खालचा पत्र्याचा डबा उचलू लागले.

"तुम्ही आवाज वाढवताय. मला आवाजच नकोय. मला हलवणारं घड्याळ हवंय. आणि ते मी निवडणार."

मोठ्या रस्त्यावरच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात ती घरची उशी काखेत मारून गेली. घड्याळजी दहा पावलं मागे, उशीशी आपला काही संबंध नसल्यासारखे. विक्रेत्याने तीन घड्याळं काढली. तिन्हींना वायर आणि वायरच्या टोकाला एक चपटी चकती. चकती उशीखाली ठेवायची, वेळ झाली की ती थरथरते.

"ही घड्याळं नव्हेत, साबणाच्या डब्या आहेत," घड्याळजी पुटपुटले. त्यांच्याकडे पाठ होती म्हणून मुलीला ते कळलं नाही, आणि विक्रेत्याला कळलं, म्हणून घड्याळजी दिव्यांच्या माळा पाहू लागले.

तिने उशी काउंटरवर ठेवली, खाली पहिली चकती सरकवली, मशीन काढून खिशात टाकली आणि डोकं टेकून डोळे मिटले. एक गिऱ्हाईक इस्त्री परत करायला आलं होतं, ते इस्त्री विसरून बघत राहिलं.

"हे मोबाइलसारखं आहे," ती उठून म्हणाली. "याने मी फक्त कूस बदलेन."

दुसऱ्याला चकतीबरोबर लखलखणारा दिवा होता. विक्रेत्याने तो मोठ्या अभिमानाने लावून दाखवला. तिने विचारलं, "मी तोंडावर पांघरूण घेऊन झोपते. हा दिवा कोणासाठी?" त्याने दिवा बंद केला. शिवाय ते सलग थरथरत होतं, आणि सलग थरथरलं की तिला स्वप्नात बसमध्ये बसल्यासारखं वाटून आणखी छान झोप लागते, हेही तिने त्याला समजावून सांगितलं.

तिसरं थांबून थांबून हलवत होतं. दोन धक्के, मग दम. पुन्हा दोन धक्के, मग दम. तिने ते तीनदा लावून घेतलं. उशी जाड बाजूने ठेवून, पातळ बाजूने ठेवून, आणि चकती कोपऱ्यात सरकवून. "हे. आई असंच हलवते."

आता आपली पाळी, असं समजून घड्याळजी पुढे आले. "वीज गेली तर?"

"आत सेल आहेत, बाबा. पाहिलं मी. आणि सेल संपत आले की आदल्या दिवशी लाल खूण दिसते."

वाटेत तिची उशी घड्याळजींनी स्वतःहून काखेत घेतली. ओळखीचा एक माणूस भेटला, त्याने उशीकडे पाहिलं. "मुलगी घड्याळ पारखायला आली होती," घड्याळजी म्हणाले आणि अधिक खुलासा न करता पुढे गेले.

रुजू व्हायला सहा दिवस होते. पाच दिवस चाचणी घ्यायची ठरलं. गजर सव्वाचारचा, आणि कोणीही तिला हात लावायचा नाही. कोणी लावलाही नाही. फक्त चार वाजून दहा मिनिटांनी तिघं जण अनवाणी, पाय न वाजवता, तिच्या दाराशी जमत आणि श्वास रोखून बघत. पाचही दिवस ती उठली. पाचव्या दिवशी आईने डोळे पुसले, आत्या म्हणाली, "साबणाची डबी पास झाली ग बाई," आणि घड्याळजींनी, आयुष्यात प्रथमच, प्लास्टिकच्या घड्याळावरून मायेने हात फिरवला.

मुलीने कानात मशीन घातली आणि म्हणाली, "चाचणी बाद."

"बाद? पाचही दिवस उठलीस की!"

"नमुन्यात भेसळ आहे, बाबा. जमीन फळ्यांची आहे. एकटी आई आली तर कळत नाही, पण तुम्ही तिघं एकदम आलात की माझी खाट हलते. आत्या टाचांवर चालते, आई दाराशी येऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाते, तुम्ही भिंतीला टेकता. मी पाचही दिवस गजराच्या आधीच जागी होते. त्या घड्याळाची पाळी अजून आलेलीच नाही."

आत्याने आपल्या टाचांकडे पाहिलं. "चोर म्हणून फुकट गेले असते मी."

"आता उद्याचाच दिवस उरलाय," मुलगी म्हणाली. "उद्या कोणी खाटेवरून खाली पाय ठेवायचा नाही."

"अगं, उद्या तर रुजू व्हायचंय!" आई म्हणाली. "आणि नाही आली जाग तर?"

"तर दुपारी पाकिटं मोजीन. पण मला कळू दे."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, सांगा ना हिला काहीतरी."

घड्याळजींनी सांगितलं. "कोणी उठणार नाही. मी शब्द देतो."

शब्द देणं सोपं असतं, कारण तो दिवसा देतात. दुसऱ्या दिवशी पहाटे घड्याळजी छताकडे बघत पडले होते. शेजारी बायकोने त्यांचं मनगट असं धरलं होतं, की नाडी तपासायला दुसरा माणूस नको. सव्वाचार झाले. भिंतीपलीकडून घरघर आली. दोन धक्के, दम. दोन धक्के, दम.

घरघर थांबेना.

घड्याळजींचा डावा पाय आपोआप खाटेखाली निघाला. ज्या बाईला पोरीला उठवल्याशिवाय दिवस सुरू करता येत नसे, तिने तो पाय पकडून वर ओढला. "शब्द," ती दातांतून म्हणाली.

दोन धक्के, दम. घड्याळजी सेकंद मोजत होते. तो त्यांचा धंदाच. हे यंत्र कोणी बंद केलं नाही तर बरोबर साठ सेकंदांनी आपलं आपण गप्प होतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी तपासून ठेवलं होतं. छत्तीस, सदतीस, अडतीस. घरघर तुटली.

"बंद पडलं?" बायकोचा आवाज फुटला.

"बंद पडलं नाही," घड्याळजी म्हणाले. "बंद केलं. साठला अजून बावीस होते."

न्हाणीघरात नळ सुटला. बादली सरकली. मग जिन्यावर बूट, आणि खालची कडी. पलीकडच्या खाटेवरून आत्याने, शब्दाला जागून पाय वरच ठेवून, विचारलं, "गेली का?"

"गेली," दोघं एकदम म्हणाले.

त्यानंतर जे झालं त्याची या घरात नोंद नाही. तिघांनाही डोळा लागला. शटर वर गेलं तेव्हा पावणेअकरा वाजले होते आणि घड्याळाचा पट्टा बदलायला आलेल्या एक बाई पाऊण तास पायरीवर बसून होत्या.

"घड्याळजी, तुमच्याकडेच वेळ चुकायला लागली तर आम्ही बघायचं कोणाकडे?"

"आमच्या घरात वेळ आता दुसरं माणूस पाहतं," घड्याळजी म्हणाले आणि पट्टा बदलायला घेतला.

दीड वाजता मुलगी दुकानात आली. अंगाला तापल्या दुधाचा वास, पायात गमबूट, खिशाला पेन. स्टुलावर बसली.

"एक टँकर परत पाठवला," ती म्हणाली.

"पहिल्याच दिवशी?"

"आंबट होता. ड्रायव्हर खूप ओरडला म्हणे."

"मग?"

"मी नळीकडे बघत होते. त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. वाचून झाल्यावर आकडा लिहिला, सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला. मॅनेजर मागे उभा होता."

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. आपलं घड्याळ बघितलं, माझी सही बघितली आणि गेला."

घड्याळजी भिंग डोळ्याला लावून खाली वाकले, कारण डोळ्याला काहीतरी लावणं आवश्यक झालं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुकानात जो जो सेल बदलायला आला, त्याला सेलबरोबर दुधातला आंबटपणा कसा मोजतात, टँकर कधी परत पाठवायचा असतो आणि तो कोण पाठवू शकतं, हे सगळं ऐकूनच जावं लागलं.