अर्ध्यावर राहिलेली ओळ

मी एक जुना टेलिटाइप आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. माझा चेहरा टाइपरायटरसारखा. पडदा नाही, पोटात कागदाची गुंडाळी, आणि पाठीतून निघालेली टेलिफोनची तार. ती तार मॅसॅच्युसेट्समधल्या एका विद्यापीठाच्या तळघरात, खोलीभर पसरलेल्या संगणकापर्यंत जात असे. माझ्यावर कोणी कळ दाबली की अक्षर तिकडे जाई, आणि तिकडचं उत्तर मी खडखडत कागदावर उमटवी.

मी कारखान्यातून तिथे येण्यापूर्वी त्या संगणकापाशी कुणाला थेट जाता येत नसे. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर न्यायला यायचं. एखादा स्वल्पविराम राहिला असेल तर उत्तराऐवजी तेवढी चूक हाती पडे, आणि माणूस पुन्हा रांगेत उभा राही.

हे तिथले प्राध्यापक ऑल्डन व्हिटकोंब यांना सोसवेना. ते म्हणत, "माणूस एक अक्षर टाइप करून दुसऱ्याचा विचार करतो, तेवढ्या वेळात यंत्र नुसतं हातावर हात ठेवून बसतं. त्याला बाकीच्यांकडे बघून यायला काय झालं?" त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मग तशी व्यवस्था लिहिली. संगणक प्रत्येकाला क्षणाचा तुकडा देई, पुढच्याकडे वळे, फिरून परत येई. इमारतीत ठिकठिकाणी माझे भाऊबंद खडखडत असत, आणि प्रत्येकापुढे बसलेल्याला वाटे की यंत्र फक्त आपलंच आहे.

मी ऑल्डन यांच्या खोलीत होतो. त्यांची मुलगी थिया उत्तरेला डोंगरातल्या कॉलेजात शिकत होती. तिथेही एक टेलिटाइप होता. फोन लावून ती याच संगणकावर येई. तिच्यासाठी ऑल्डन यांनी चार ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. थिया आत आली की यंत्र आधी विचारी, "थिया, जेवलीस का?" आणि उत्तरासाठी थांबे.

तळघरातलं यंत्र सांभाळणारी रोझ टियर्नी हसून लोटपोट झाली. "एवढं मोठं धूड, आणि तुम्ही त्याच्याकडून पोरीच्या जेवणाची चौकशी करून घेता?"

"बसलेलंच असतं गं ते. विचारलं तर काय झिजतंय?"

"आणि ती काय म्हणते?"

ऑल्डन यांनी माझ्या कागदाकडे बघितलं. "काही नाही. नुसती कळ दाबून पुढे जाते. घाईत असते."

जागा तेव्हा सोन्यासारखी जपावी लागे. म्हणून ऑल्डन यांनीच दोन नियम लिहिले होते. कोणी बराच वेळ काहीच टाइप केलं नाही, तर यंत्र त्याला बाहेर काढी. आणि कोणी महिनोन् महिने फिरकलंच नाही, तर त्याचं तिथलं सारं काही पुसून टाकी.

मार्चमधल्या एका दुपारी ते थियाला निरोप लिहीत होते. "रविवारी येशील तर" एवढं टाइप केलं आणि कॉफी आणायला उठले. जिन्यातच त्यांचं हृदय थांबलं. मला कुठलं कळायला! मी पुढच्या अक्षराची वाट पाहत राहिलो. शेवटी तळघरातून आलेली ओळ मलाच उमटवावी लागली: "हालचाल नाही. व्हिटकोंब यांना बाहेर काढले."

थिया आली ती रविवारी, दफनाला. दुसऱ्या दिवशी खोली आवरायला आली. कागद फाडून घेताना तिने ती अर्धी ओळ वाचली. मग कोटसुद्धा न काढता माझ्यापुढे बसली आणि आपलं नाव टाइप केलं.

"थिया, जेवलीस का?"

तिची बोटं कळांवर तशीच राहिली. काहीच टाइप झालं नाही. थोड्या वेळाने यंत्राने तिलाही बाहेर काढलं.

"हे पुसलं जाईल ना गं, रोझ?" तिने विचारलं.

"नियमाप्रमाणे जाईल. नियम कुणाचा? त्यांचाच," रोझ म्हणाली. "पण मी आहे ना. त्यांचा पासवर्ड अख्ख्या मजल्याला ठाऊक होता, त्यांचं आवडतं शिंपल्यांचं सूप! प्रोफेसरसाहेबांची हजेरी लावत जाईन मी."

आणि खरंच, दर सोमवारी सँडविच खाताखाता रोझ माझ्यावर त्यांच्या नावाने आत जाई आणि बाहेर येई. थिया गावातच नोकरीला लागली. अधूनमधून येऊन बसे, पण त्या प्रश्नाला उत्तर देणं तिला जमत नसे.

वर्षं गेली. प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचा लहान संगणक आला. वाटून घेण्याची गरजच कुणाला उरली नाही. माझ्यावर लोक कोट टाकू लागले. मग तळघरातलं यंत्र बंद करण्याचा दिवस ठरला.

"तो प्रोग्रॅम टेपवर उतरवून देऊ का?" रोझने त्या दिवशी विचारलं.

"ती टेप वाचणार कोण?" थिया म्हणाली, आणि माझ्यापुढे बसली.

"थिया, जेवलीस का?"

या वेळी तिने टाइप केलं, "जेवले, डॅड." प्रोग्रॅमला उत्तर वाचता येत नव्हतं. ऑल्डन यांनी त्याला फक्त विचारायला शिकवलं होतं. थिया आपल्या नावावरून बाहेर आली.

रोझने सवयीने ऑल्डन यांचं नाव टाइप केलं, आत गेली आणि खुर्ची सोडून उठली. "आज त्यांना बाहेर तू आण. त्या दिवशी त्यांना यंत्राने काढलं होतं."

थियाने त्यांच्या नावाखाली आधी ती जुनी ओळ पुन्हा लिहिली, "रविवारी येशील तर". मग पुढे लिहिलं, "आले होते." आणि बाहेर पडण्याची आज्ञा दिली.

मी उमटवलं: "व्हिटकोंब बाहेर पडले." त्यानंतर तारेतून काही आलं नाही. थियाने कागद फाडला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. जाताना माझ्यावर झाकण घातलं.

मित्रांनो, आता मी एका कोठारात आहे. कोणी धूळ पुसली तर बरं वाटेल, नाही पुसली तरी तक्रार नाही. एवढंच मागतो: घरातलं कोणी तुम्हाला जेवलात का विचारलं, तर नुसती कळ दाबून पुढे जाऊ नका. विचारणारं माणूस तिकडे बसलेलं असतं, तोवर उत्तर द्या.