डर्क उभा राहिला की

डर्कनं कारखान्यातली खुर्ची जाळली. जाळली म्हणजे, तसं काही झालेलं नाही. आमच्या कबनुरात कुणालाही विचारा, जाळ नव्हता आणि खुर्ची तर नव्हतीच.

डर्क बेल्जियमचा, वय चोपन्न. सत्तावीस वर्षं तिकडच्या एका गिरणीत मागांवर होता. गिरणी बंद पडली, तिचे जुने माग माझ्या मामूनं, म्हणजे मीरासाबनी, विकत घेतले आणि मागांबरोबर डर्कही आला. दोन वर्षांचा करार, राहायला मामूची माडी. वर्षभरात मराठी शिकला. बुक्कीनं कांदा फोडायला शिकला. ठेचा खाऊन रडायचा, पण इथं तेवढं चालतं.

अडचण एकच. डर्क उभा राहिला की खुर्ची यायची.

मागांची देखभाल करणारा कृष्णात जॉबर ती आणायचा. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण पाहुणा उभा दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. डर्क दुरुस्तीला मागाखाली शिरला की खुर्ची बाहेर वाट बघत थांबायची. दुपारी कामगार पोत्यांवर गोल बसून डबे सोडायचे. डर्क त्या गोलात मांडी घालायला वाकला की, "ओ पावणं, खाली कशाला?" आणि खुर्ची. मग तो सगळ्यांच्या डोक्यावरनं भाकरी खायचा, व्हॉलीबॉलच्या पंचासारखा. एकदा मयतीला गेलतो. घरचे उभे होते, डर्क बसला होता.

"आरिफ," तो एक दिवस मला म्हणाला, "तुझा मामू तुला रोज ओरडतो."

"व्हय की."

"कृष्णातला पण. मला का नाही?"

"तुम्ही पावणं हाय."

"दोन वर्षं?"

"आमचे एक जावई सोळा वर्षं पावणं हायत. माठ कुठं असतो, ते त्यांना अजून ठावं न्हाय."

त्याला हसू आलं नाही. करार संपायला पंधरा दिवस होते. मुदतवाढीचा कागद मामूनं तयार ठेवला होता आणि डर्क सही करत नव्हता. परत जावं तर तिकडं रिकामं घर. राहावं तर जन्मभर खुर्ची.

"माझा फोरमन सत्तावीस वर्षं माझ्यावर ओरडला," तो म्हणाला. "मी कामावर आलोय, हे मला त्यावरनं कळायचं."

मग त्यानं मुद्दाम चूक केली. वहिफणी करताना, म्हणजे ताण्याचे धागे फणीतून ओवताना, ते उलटसुलट ओवले. तीनशे मीटर कापड वाया. मामू आला, कापड बघितलं, लालबुंद झाला आणि कृष्णातकडं वळला.

"अक्कल बाजारात इकलीस काय रं? पावण्यांचं ध्यान लागंना, म्हंजे खुर्ची टोचत असणार. गादी घाल की तिच्यावर!"

नजीरामामीनं गादी शिवली. निळी, झालरीची.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी डर्कनं ती प्लास्टिकची खुर्ची आवारात नेली, वर चिंध्या टाकल्या आणि काडी ओढली. माग थांबले, सगळा कारखाना बाहेर आला. आधी झालर पेटली. डर्क मामूसमोर जाऊन उभा राहिला, मान खाली घालून, दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखा. मामूनं छाती भरून श्वास घेतला. असा श्वास घेतला की माझ्यावर काय येतं, ते मला पाठ आहे. मी डर्कसाठी दुवा मागितली.

"थंडी वाजती व्हय, पावणं?" मामू म्हणाला.

एप्रिल होता.

कृष्णातनं पाणी ओतलं, वितळलेला गोळा पोत्यात भरला. मामीनं सरबत पाठवलं. पाच मिनिटांत माग सुरू झाले. संध्याकाळी मामू स्वतः जाऊन नवी खुर्ची घेऊन आला. सागवानी, हातांची. जुनी कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही. पाहुणा असलं काही करत नाही, म्हणजे त्यानं ते केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डर्कनं मला कागद घेऊन बसवलं. तो सांगत गेला, मी कचेरीच्या मराठीत लिहीत गेलो. सही करून त्यानं तो कागद मुदतवाढीच्या कागदाला टाचला. मामूनं दोनदा वाचला आणि वर पेपरवेट ठेवला. पेपरवेट अजून हललेला नाही. मजकूर असा:

प्रति, मा. मालक.
विषय : बोलणी मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार मुदतवाढीस तयार आहे. तरी अर्जदाराच्या चुकीबद्दल अर्जदारासच, आठवड्यातून किमान एकदा, सर्व कामगारांसमक्ष, श्री. कृष्णात यांना देण्यात येतात त्याच शब्दांत व त्याच आवाजात बोलणी देण्यात यावीत, आणि ती चालू असताना अर्जदारास बसण्याचा आग्रह करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.