डाव्या पिळाचा दोर

“कढण म्हणायचं का हे? अख्खा समुद्र उकळलाय तुम्ही!” ओक्दान अंथरुणातूनच हसली.

दोक्से ओशाळला. तो सरकारी तबेल्यातला जन्माचा गुलाम. आजारी घोडा त्याने कितीदा बरा केला होता, पण बाळंतीण बायकोसाठी समुद्री शेवाळाचं कढण करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

सरकारी दासींना बाळंतपणाची शंभर दिवसांची सुट्टी राजाने आधीच दिली होती. पण घरात त्यांना बघणार कोण? म्हणून यंदा नवा हुकूम निघाला: नवऱ्यालाही तीस दिवस सुट्टी. तबेल्यात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. “दोक्से, तुलाही कळा येतायत का रे?”

दोक्से हसला नव्हता. दोन वर्षांपूर्वी मुलगी झाली, त्याच दिवशी त्याला ओझी घेऊन डोंगरापलीकडे पिटाळलं होतं. ओक्दान तापाने फणफणलेली, घोटभर पाणी द्यायला घरात कुणी नाही. तो परतला तोवर शेजाऱ्यांनी पोरीला पुरलंही होतं.

म्हणून या खेपेला बाळ झालं त्या पहाटेच त्याने दारावर दोर बांधला. रोजचे दोर उजव्या पिळाचे, हा डाव्या पिळाचा. मध्ये कोळशाचे तुकडे आणि पाइनच्या डहाळ्या खोवलेल्या. तीन आठवडे परक्याने तो ओलांडायचा नाही, ओलांडला तर बाळाच्या जिवावर बेततं.

नवव्या दिवशी तबेल्याचा मुकादम दारात उभा.

“चल रे ए आळशा! उद्या वरून साहेब येतायत. घोड्यांना खरारा कोण करणार, तुझा बाप?”

सवयीने दोक्से उठलाच. तेवढ्यात त्याच्या हातातलं बाळ चुळबुळलं.

“येत नाही, मुकादम,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून त्यालाच घाम फुटला. “राजाचा हुकूम आहे.”

“राजा राहिला तिकडे राजधानीत, हानयांगला! इथे मी आहे. ये, नाहीतर आत येऊन फरफटत नेईन.”

“या की,” आतून ओक्दान म्हणाली. “दोर ओलांडा आणि या.”

मुकादमाने पाय उचलला. दोराकडे पाहिलं. त्याच्या सुनेलाही दिवस भरत आले होते. उचललेला पाय त्याने हळूच होता तिथेच ठेवला.

“मुलगा का मुलगी?”

“मुलगी.”

“हं. एकतिसाव्या दिवशी उजाडायच्या आत तबेल्यात दिसला नाहीस, तर बघ!”

तो गेला. दोक्से बायकोच्या उशाशी बसला, बाळाला उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिला.

“डोळे तुझ्यावर गेलेत,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “पहिलीचे कसे होते गं?”

ओक्दान सरकली, त्याला टेकायला जागा करून दिली आणि सांगू लागली. अजून एकवीस दिवस होते.