बावीस वर्षं कोरडा राहिलेला मासा

मी एक जुना लाकडी मासा आहे, मित्रांनो. खरा नव्हे, खऱ्या माशाला फसवायला दोरीला बांधतात, तो नकली मासा. तुमच्या तळहातावर सहज मावेन एवढा. पोटाखाली दोन गळ आहेत, तेव्हा मला उचलायचं झालं तर जरा बेतानेच. माझ्यासारखा मासा पाण्यासाठी जन्माला येतो. मी मात्र आयुष्याची पहिली बावीस वर्षं अंगाला पाण्याचा थेंबही न लागता काढली. असं का झालं, तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म खेळण्यांच्या कारखान्यातला. लाकडी घोड्याचा एक पाय कातताना तिरका गेला आणि सुताराने तो बाजूला फेकला. तो उचलला एका तरुण बाईने. ती तिथे बाहुल्यांचे डोळे रंगवायची, दिवसाला दोनशे डोळे. तिचं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं आणि नवऱ्याला मासे धरण्याचं वेड होतं. तिने सुताराला गळ घातली, "एवढा याचा मासा करून द्या ना." सुताराने दोन दुपारच्या सुट्ट्या खर्चून मला कोरलं, हनुवटीखाली पत्र्याची छोटी जीभ बसवली. त्या जिभेमुळे पाण्यात ओढल्यावर मी शेपूट हलवत पोहणार होतो.

मग तिने मला रंगवायला घेतलं. पाठ हिरवी, पोट रुपेरी, अंगावर एकेक खवला वेगळा. बाहुल्यांच्या डोळ्यांना ती अर्धं मिनिट द्यायची. माझ्या डोळ्यांना तिने दोन संध्याकाळी दिल्या. अकराव्या दिवशी मी तयार झालो आणि तिने मला रुमालात गुंडाळून घरी नेलं.

नवरा घरोघर जाऊन पाण्याचे मीटर तपासायचा. सगळे त्याला मीटरवाले म्हणत. माणूस सरळ, कष्टाळू, पण शब्दांचा महाकंजूष. मीटरवाल्यांनी रुमाल उलगडला. मला उलटंसुलटं करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"छान आहे," ते म्हणाले.

बस्स, एवढंच. आणि मला आपल्या पत्र्याच्या पेटीत, वरच्या कप्प्यात ठेवून दिलं.

सुट्टीच्या दिवशी ते पहाटे धरणाच्या तळ्यावर गेले. संध्याकाळी ते दारात दिसताच तिने विचारलं, "माझा मासा चालला का हो?"

"नाही वापरला."

पुढच्या सुट्टीला तेच. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही तेच. चौथ्या वेळी तिने विचारलं नाही. मनाशी तिने काय ठरवलं ते उघड होतं: बायकोचं खेळणं, ठेवलं झालं पेटीत.

पेटीत मी एकटा नव्हतो. खालच्या कप्प्यात इतर आमिषं होती: गरगर फिरणारी पितळी चकती, जांभळं रबरी गांडूळ, पोकळ पोटाचा बेडूक. ती सगळी बास माशासाठी. हा बास म्हणजे मोठ्या तोंडाचा हिरवट मासा. बुडालेल्या झाडाच्या सावलीत दबा धरून बसतो. भूक लागली तर खातोच, पण नाकासमोरून कुणी हिंडलं तर नुसत्या रागानेही झडप घालतो. माझी रंगारीण म्हणायची, "माशाचं नावच बास, पण यांचं काही बास होत नाही."

चकती, गांडूळ आणि बेडूक ओले होऊन परत यायचे. अंगावर दातांचे ओरखडे, शेवाळाचा वास, आणि सांगायला काहीतरी. माझ्याजवळ सांगायला काय होतं? अंगाभोवती मऊ फडकं, वर पत्र्याचं झाकण. शेजाऱ्यांकडे रोज लग्न आणि आपण खिडकीत, तसं माझं झालं.

पण मित्रांनो, मला एक गोष्ट माहीत होती, जी तिला माहीत नव्हती. तळ्यावर गेल्यावर मीटरवाले दर वेळी माझा कप्पा उघडायचे. फडकं सोडून मला हातात घ्यायचे. तिथल्या होडीवाल्याला त्यांनी मला दाखवलं होतं, एकदा नव्हे, शंभरदा.

"आमच्या घरच्यांनी केलाय हा," ते सांगायचे. "खवले बघ. मोजलेत मी, तीनशे सहा आहेत."

"मग बांधा की दोरीला," होडीवाला म्हणायचा.

"छाती होत नाही रे. कुठे लाकडात अडकला, तुटला, तर?"

घराबाहेर एवढं बोलणारा माणूस घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला की गप्प व्हायचा. मी झाकणाखालून ऐकायचो. आत ताट वाढल्याचा आवाज, पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज. "मीठ हवंय का?" "नको." सांगा हो, एकदा सांगा, असं मला किती वाटायचं! पण माझं तोंड रंगाचं. त्यातून शब्द कसा फुटणार?

अशी एकोणीस वर्षं गेली. एका कामाच्या दिवशी, एका इमारतीच्या तिसऱ्या जिन्यावर, मीटरची वही हातात असतानाच मीटरवाले खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

पेटी कपाटाच्या मागे गेली. मधल्या काळात झालेली त्यांची एकुलती एक लेक आता शिकायला दुसऱ्या गावी राहायची. घरात एकच माणूस उरलं आणि त्याच्या चालण्याचा आवाजही हळूहळू कमी झाला. तिचं कारखान्यातलं काम सुटलं होतं; डोळे रंगवायला आता यंत्र आलं होतं. माझ्या कप्प्यात दिवस आणि रात्र सारखीच. खालच्या गांडुळाचं रबर चिकट झालं. चकतीवर हिरवा गंज चढला. त्यांना निदान आठवायला पाणी तरी होतं.

अडीच वर्षांनी फोनवर लेक म्हणाली, "आई, ती पेटी देऊन टाक ना कुणाला. उगाच जागा अडवतेय."

"बघते," ती म्हणाली, आणि पेटी ओढून काढली.

झाकण उघडलं. फडकं सुटलं. अडीच वर्षांनी मी उजेड पाहिला, आणि तिचं तोंड पाहिलं. केस पिकले होते. तिने मला खिडकीशी नेलं, पाठीवरून, पोटावरून बोट फिरवलं. मी अगदी कोरा होतो, नवाकोरा.

"एक ओरखडासुद्धा नाही," ती हळूच म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदासुद्धा नाही."

मला वाटलं, आता ती मला खिडकीबाहेर भिरकावणार. पण तिने मला फडक्यात गुंडाळून जागेवर ठेवलं आणि बराच वेळ पेटीशी बसून राहिली. मग ती चकतीला म्हणाली, की भिंतीला, कोण जाणे, "असं काय होतं त्या तळ्यावर, ते एकदा बघायलाच पाहिजे."

ती तळ्यावर जाऊ लागली. कुणाला सांगितलं नाही, कुणाला विचारलं नाही. होड्यांच्या बाजूला माणसं असत, म्हणून ती पलीकडच्या सुन्या काठावर जायची. आमिषांच्या अंगावरचे ओरखडे हेच तिचं पुस्तक. ज्यावर जास्त दात उमटलेत ते आधी, असा तिने हिशेब धरला.

म्हणून पहिली पाळी चकतीची. पहिल्या दिवशी दोरीचा असा गुंता झाला की पाखराने घरटं करावं. पण गुंता सोडवण्यात ती पटाईत होती. बाहुल्यांचे केस काय कमी विंचरले होते? चकती टाकायची आणि एका चालीने ओढत आणायची, हे तिला जमलं. पाणी गढूळ असलं की चकतीची थरथर माशाला जाणवते, हेही कळलं. मासा मात्र आला नाही.

मग गांडूळ. चिकट झालेलं फेकून तिने तसंच नवं आणलं. ते वेगळंच शिकवतं. ते टाकायचं आणि तळाशी जाऊ द्यायचं. थांबायचं. बोटभर ओढायचं. पुन्हा थांबायचं. तिला थांबण्याची सवय होतीच. पाचव्या आठवड्यात दोरीवर टिचकी मारल्यासारखं झालं, तिने नवऱ्याचा गळाचा रॉड वर उचलला आणि वीतभर बास काठावर आला. कसा धरायचा ते ठाऊक नव्हतं. तो हातातून निसटला, गवतावर दोन उड्या मारून पाण्यात गेला. ती रिकाम्या हातांकडे बघून मोठ्याने हसली. मग आजूबाजूला पाहिलं. हसायला बरोबर कुणीच नव्हतं. हसू तिथेच थांबलं.

बेडकाने तिची परीक्षाच घेतली. तो पाण्यावरच्या पानांवरून उड्या मारत आणायचा. मासा खालून झेपावला की माणूस दचकतो आणि लगेच ओढतो. तिथेच चुकतं. तीनदा तिचा बेडूक माशाच्या तोंडातून मोकळाच परत आला. चौथ्यांदा तिने दात आवळून "एक, दोन" म्हटलं आणि मग ओढलं. मासा आला. आता ती त्याचा खालचा ओठ अंगठ्याने धरायला शिकली होती. तसा धरला की तो शांत होतो.

हे सगळं मी कुठून पाहिलं? पेटीच्या उघड्या झाकणाखाली, माझ्या कप्प्याच्या फटीतून, विरलेल्या फडक्याआडून. कप्प्याला ती हातही लावत नव्हती.

काठापासून दूर एक बुडालेलं झाड होतं. त्याच्या वाळक्या फांद्या पाण्याबाहेर आल्या होत्या. तिथे एक मोठा बास दर सकाळी पाणी फोडायचा. तिने तिन्ही आमिषं तिकडे फेकून पाहिली. एकही पोहोचेना. शेवटी एके दिवशी मनाचा हिय्या करून ती होड्यांकडे गेली.

होडीवाला आता म्हातारा झाला होता. तो दोरखंड सोडता सोडता थबकला.

"ही पेटी… तुम्ही मीटरवाल्यांच्या घरच्या का?"

"हो."

"म्हणजे वहिनीच की!" त्याने दोरखंड खाली ठेवला. "फार वाईट झालं हो. आणि तो मासा? तो आहे ना अजून? तुम्ही रंगवलेला?"

ती एकदम ताठ झाली. "तुम्हाला कसा ठाऊक?"

"अहो, ठाऊक कसा? कान किटले माझे! आल्या आल्या पेटी उघडायचे. बघ, आमच्या घरच्यांनी केलाय. तीनशे सहा खवले आहेत म्हणायचे. मी म्हणायचो, बांधा दोरीला. तर म्हणे, हरवला तर घरी काय तोंड दाखवू?"

तिने पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

"तुम्हाला सांगितलंच असेल की," होडीवाला म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्याचा आवाज खाली आला. "नाही सांगितलं?"

तिने मान हलवली. होडीवाल्याने पुढे काही न बोलता होडी पाण्यात ढकलली आणि वल्ही तिच्या हातात दिली. काही वेळा हेच शहाणपण असतं.

बुडालेल्या झाडापाशी तिने वल्ही आत घेतली. कप्पा उघडला. फडकं सोडलं. दोरीची गाठ ओठांनी ओली केली, घट्ट ओढली. आणि मित्रांनो, बावीस वर्षांनी मी हवेतून उडालो आणि पाण्यावर पडलो.

पाणी थंड होतं. इतकं मोठं होतं! मी घाबरलो. माझ्याभोवती वर्तुळं उठली. ती विरेपर्यंत तिने मला हलवलं नाही. मग हलकासा हिसका. पत्र्याच्या जिभेने पाणी कापलं आणि माझी शेपूट आपोआप हलली. मी पोहत होतो. थांबलो. पुन्हा हिसका. पुन्हा थांबलो. खालून एक सावली वर येत होती. पाणी फुटलं आणि सगळीकडे अंधार झाला.

त्या माशाने होडी दोनदा फिरवली. दोरी बोटांत रुतली तरी तिने सोडली नाही. अखेर तो होडीच्या कडेला थकून आला, तिच्या हाताएवढा लांब. तिने अंगठ्याने त्याचा ओठ धरला, मला सोडवलं. माझ्या रुपेरी पोटावर चार खोल ओरखडे पडले होते, रंगाखालचं लाकूड दिसत होतं. तिने ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"एवढं सांगायला काय झालं होतं हो?" ती म्हणाली. समोर नुसतं पाणी होतं. "आणि मी तरी चौथ्यांदा का नाही विचारलं?"

मासा तिने सोडून दिला. मग गुडघ्यांवर डोकं ठेवून ती खूप रडली, आणि होडी आपली वाऱ्याने हळूहळू किनाऱ्याकडे सरकत राहिली.

त्यानंतरची तीन वर्षं माझी कामाची वर्षं. मी कौतुक ऐकलं. होडीवाल्याने माझी जीभ वाकवून सरळ केली. लेक एकदा आली तेव्हा तिलाही तिने मला टाकायला शिकवलं. "घाई करू नकोस, वर्तुळं विरू दे." माझे तीनशे सहा खवले दीडशेवर आले. ती घरी नवे रंगवायची नाही. "असू दे," म्हणायची.

एका वाऱ्याच्या सकाळी माझे गळ एका बुडालेल्या खोडात रुतले. तिने चारही बाजूंनी होडी फिरवून ओढून पाहिलं, हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. मी तिच्या बोटांच्याही हातभर खाली होतो. दोरी तुटली.

तेव्हापासून मी इथेच आहे. मी लाकडाचा, मला वर यायची ओढ. गळ सोडत नाहीत. इथे कुणी बोलत नाही. मासे येतात, माझ्याकडे बघतात आणि निघून जातात. तरी त्या फडक्यातलं एकटेपण वेगळं होतं आणि हे वेगळं. तिथे मी कुणाच्या उपयोगी पडलो नव्हतो.

मित्रांनो, कुणी आपल्या हातांनी तुमच्यासाठी काही केलं तर ते वापरा. झिजेल, तुटेल, हरवेलही. पण बंद कप्प्यात ठेवण्याला जपणं समजू नका. आणि आवडलं असेल तर तसं त्याच दिवशी सांगा, ज्याने केलं त्याला. होडीवाल्याला नंतर सांगा.

कधी कधी वर होडीचा तळ दिसतो. तो या खोडावर येऊन थांबतो, वल्ही आत घेतल्याचा आवाज येतो. मग पाण्यात एक हात उतरतो, खांद्यापर्यंत. बोटं चाचपडतात. पाण्याची पातळी गेल्या खेपेपेक्षा चार बोटं खाली गेली आहे.