केसांचं मूळ

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शकुंतला चौगुले यांच्या अंडाशयातून काढलेल्या गाठीनं बरणीत जांभई दिली. आत तीन दाढा दिसल्या.

बरणी धाकट्या बहिणीच्या, पद्माच्या, मांडीवर होती. त्या दवाखान्यात काढलेली गाठ नातेवाइकांच्याच हाती तपासणीला पाठवत. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

"झोप झाली नाही वाटतं तिची."

"सातलाच ऑपरेशनला घेतलं," पद्मा म्हणाली.

मिरज मार्केटपाशी गाठीचे केस झाकण उचलून बाहेर आले. काळे, दाट, शकुंतलाअक्काचे तरुणपणी होते तसे. मोकळ्या केसांनी कुणाच्या दारात जायचं नाही, ही आईची शिस्त. पद्मानं घट्ट वेणी घातली.

लॅबमधल्या इनामदारांनी गाठ ट्रेमध्ये घेऊन तीन ठिकाणी कापली. तुकडे स्वच्छ निघाले.

"साधीच दिसते. पण ताई, वेणी कुणी घातली?"

"मी."

"अहो, केस उगवतात तिथलाच तुकडा लागतो. अशी केसा-दातांची गाठ शंभरात एखादी बिघडते, कॅन्सरची निघते, आणि बिघडली तर बहुधा तिथंच, तिळाएवढ्या जागेत. ती जागा तुम्ही वेणीत गुंफलीत."

"सोडवते की."

"सोडवा. सासूबाईंचं डोकं असतं तर एव्हाना शिव्या खाल्ल्या असत्या."

पद्मा सोडवू लागली. बारा वर्षांपूर्वी गाठ पहिल्यांदा दिसली तेव्हा 'साधी आहे म्हणतात ना, मग राहू दे' असं तीच अक्काला म्हणाली होती. एक पेड सुटला की आत दुसरा निघे. दोन वाजता केस टेबलावरून खाली उतरले. तीनला खुर्च्या दिसेनात. मग दाराची कडी केसांखाली गेली. इनामदार सूक्ष्मदर्शक छातीशी धरून स्टुलावर चढले.

"मूळ दिसतंय?"

"अजून वेणीच आहे."

"मग पाहिलं तेवढं साधं, एवढंच लिहिता येईल."

"तसलं लिहू नका. अक्का विचारणार."

साडेचारला अक्काचाच फोन आला.

"पद्मे, काय करतीयास तिकडं? टाक्यांच्या आत कुणीतरी वेणी सोडवतंय गं."

"दुखतंय?"

"दुखत नाही. ओढतंय. रिपोर्ट काय म्हणतो?"

"येतोय."

"साधीच असंल. तूच म्हणाली होतीस."

पद्माचे हात थांबले. थांबले तशी सुटलेली वेणी आपोआप पुन्हा विणली जाऊ लागली. तिनं परत सोडवायला घेतलं, तेव्हा फोनमध्ये अक्काचा श्वास अडकला.

"थांबू नका," इनामदार म्हणाले. केस त्यांच्या हनुवटीला लागले होते.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी वेणी खिडकीच्या गजांतून बाहेर पडून दवाखान्याच्या दिशेनं ताणली गेली होती. रस्त्यावरची माणसं वाकून तिच्याखालून जात होती. मूळ सापडलेलं नव्हतं.