दहाव्या नंबरचा जिना

मी एक जुना डस्टर आहे आणि मला राग आलेला आहे.

मित्रांनो, आपलं आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू सहसा गरीब स्वभावाच्या असतात. फाटकी छत्री घ्या, मोडकी खुर्ची घ्या, सगळ्या डोळ्यांत पाणी आणून बोलतात. मला डोळे नाहीत आणि पाणी मला मानवत नाही. ओल्या डस्टरने फळा पुसला की नुसता चिखल होतो. तेव्हा मी कोरडाच बोलणार आहे.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. दाराची चौकट करून उरलेला तुकडा म्हणजे मी. माझे सख्खे भाऊ चौकट झाले आणि आज कुठल्यातरी घरात ताठ उभे असतील. मला मात्र खालून नमद्याचा जाड पट्टा चिकटवला आणि एका शाळेत धाडलं. तिथे मी गणिताच्या मास्तरांच्या हाताखाली काम केलं. खरं म्हणजे हाताखाली कमी आणि हातातून जास्त, कारण मास्तर मला फेकून मारत. गणितात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण नेमाच्या बाबतीत आनंद होता. शेवटच्या बाकावर बडबडणाऱ्या मुलावर नेम धरला की मी पहिल्या बाकावरच्या शहाण्या मुलीच्या डब्यावर जाऊन आदळे. शाळेच्या सगळ्या नोकरीत मी एकाही अपराध्याला लागलो नाही. हे शल्य माझ्या लाकडात रुतून बसलं.

पुढे शाळेने पांढरे चकचकीत फळे घेतले. जुना काळा फळा एका सिनेमा क्लबने नेला आणि भांड्यांवर चमचा फुकट मिळावा तसा मी त्याच्यासोबत गेलो.

हा क्लब एका लॉंड्रीच्या वरच्या मजल्यावर भरतो. खाली दिवसभर इस्त्र्या चालतात, त्यामुळे वरची जमीन कायम कोमट असते आणि सभासद वाद घालायच्या आधीच तापलेले असतात. एक भिंत पांढरी रंगवली आहे, तीच पडदा. तिच्या शेजारी माझा फळा. फळ्यावर वर्षभर एकच मजकूर असतो. क्लबचे सर्वांत आवडते दहा सिनेमे, क्रमाने. दोन रकाने. पहिल्यात सिनेमाचं नाव आणि दुसऱ्याच्या डोक्यावर लिहिलंय, ‘कोणाचा’. तिथे दिग्दर्शकाचं नाव येतं.

वर्षातून एकदा या यादीवर बैठक होते. अध्यक्ष आहेत दातांचे डॉक्टर. समोरचा माणूस आ करून बसलेला असताना आपण एकट्याने बोलत राहायचं, ही त्यांची धंद्याची सवय, आणि ती त्यांनी क्लबातही सोडलेली नाही. बाकीचेही काही कमी नाहीत. सहावा कोण आणि सातवा कोण यावरून दोन मावसभाऊ एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेले नाहीत. लग्नं दोन्हीकडे व्यवस्थित लागली. सिनेमेही जिथल्या तिथे आहेत, सहावा सहावा आणि सातवा सातवा. मधल्या मध्ये मी मात्र वर-खाली घासला गेलो. एक म्हणतो पूस, दुसरा म्हणतो लिही, तिसरा म्हणतो हे कोणी पुसलं. माझ्या पोटात जितके सिनेमे आहेत तितके या लोकांनी पाहिलेलेही नाहीत. आणि मला झटकायचं म्हणाल, तर खिडकी हाताच्या अंतरावर असूनही कोणाचा हात तिथवर गेलेला नाही.

पण माझा राग एवढ्यावरून नाही. तो दहाव्या नंबरवरून आहे.

दहाव्या नंबरला बरीच वर्षं एक भिकार सिनेमा होता. त्याच्या नावात सूड हा शब्द दोन वेळा येतो, कारण नायकाचं एकदा घेऊन भागलं नव्हतं. त्याची एकच प्रत उरलीय असं म्हणतात आणि ती आमच्या कपाटात डब्यात आहे. क्लबचा नियम असा, की कपाट उघडायचं ते यादीतल्या दहा सिनेमांसाठीच. जो यादीत नाही तो कपाटात, आणि जो कपाटात तो मेल्यात जमा.

हा सिनेमा यादीत राहावा म्हणून धडपडायची एकच बाई. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे आणि लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणं हा तिचा रोजचा उद्योग. क्लबात सगळे तिला ताई म्हणतात. तिचे वडील तरुणपणी सिनेमात हिरोचे डुप्लिकेट होते. म्हणजे हिरोने चिडायचं, ओरडायचं, आणि पडायची वेळ आली की यांनी पडायचं. या सुडाच्या सिनेमात ते एका भल्यामोठ्या जिन्यावरून वरपासून खालपर्यंत गडगडत येतात. तोंड दिसत नाही. तिसऱ्या वेळी पडताना त्यांचा गुडघा गेला, तरी ते उठले आणि लंगडत दाराबाहेर गेले. दिग्दर्शकाला तेच आवडलं. त्यामुळे त्या सिनेमात हिरो एका प्रसंगापुरता लंगडतो आणि पुढच्याच प्रसंगात घोड्यावर उडी मारून बसतो.

क्लबातले लोक त्यांना जिनाकाका म्हणत. ही गोष्ट खरी आहे यावर त्यांचा विश्वास होता असं मला वाटत नाही. अध्यक्षांनी तर एकदा त्या लंगडण्यावर मोठं भाषण ठोकलं होतं, की हे नायकाच्या मनातल्या अपराधी भावनेचं प्रतीक आहे. जिनाकाका मागून म्हणाले, “गुडघा होता तो.” लोक हसले. अध्यक्ष पुढे बोलत राहिले.

दरवर्षी तो सिनेमा लागला की काका मुलीचा हात धरून जिना चढून येत, आपलं पडणं पाहत आणि लगेच उठून घरी जात. सिनेमा कसा आहे असं कोणी विचारलं तर सांगत, “सिनेमा भिकारच आहे. जिना चांगला आहे.” आपण काय काम केलं याचा त्यांच्याकडे दुसरा पुरावा नव्हता. गुडघा होता, पण तो घरोघरी असतो.

यंदाच्या बैठकीत टक्केवारी उभा राहिला. हा विम्याच्या कचेरीतला तरणाबांड सभासद. त्याला चहा कसा झालाय विचारलं तर साठ टक्के म्हणतो. त्याने सगळ्या सिनेमांना कथा, अभिनय, संगीत असे गुण देऊन बेरजा मांडल्या होत्या. सुडाच्या सिनेमाला शंभरातले दोन मिळाले होते आणि तेही प्रकाशाला, कारण दिसत सगळं होतं. टक्केवारी म्हणाला, भावनेच्या भरात नंबर देणारा क्लब आणि लग्नातली पंगत यात फरक राहत नाही. माना डोलल्या. त्याने मला उचललं.

तेव्हा ताई उठली. तिचा आवाज चढला नाही, पण खालची इस्त्रीसुद्धा थांबल्यासारखी वाटली. तिने क्लबचाच नियम काढला. ज्याने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला असेल त्यालाच त्याच्यावर मत देता येतं. एका सभासदाने नुसत्या पोस्टरवरून तासभर भांडण केलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम.

“शेवटी कोण मरतं, तेवढं सांगा,” ती म्हणाली.

एक जण म्हणाला खलनायक. दुसरा म्हणाला हिरो. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “एका अर्थी सगळेच.”

म्हणजे शेवट कोणीच पाहिला नव्हता. इतकी वर्षं ज्याच्यावर मतं पडत होती तो सिनेमा संपताना एकाही मतदाराने पाहिला नव्हता. टक्केवारी मात्र विम्यातला. तो म्हणाला, मग ताईंनाही मत नाही, कारण काका जिन्यानंतर उठतात आणि त्यांना पोचवायला ताईही उठतात. हेही खरं होतं. शेवटी असं ठरलं, की रविवारी सगळ्यांनी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहायचा आणि मग रीतसर हाकलायचा. एखाद्याला घराबाहेर काढण्यासाठी आधी त्याला जेवायला बोलवावं तसलाच हा प्रकार.

एकच गोष्ट मला खटकली. जिनाकाका म्हणाले, “शेवटपर्यंत कशाला उगाच? टाका पुसून.”

“बाबा, तुम्ही गप्प बसा,” ताई म्हणाली.

रविवारी दुपारी खिडक्यांना लॉंड्रीतल्या कोणाच्यातरी चादरी लावून अंधार केला. सिनेमा सुरू झाला. जिना आला. काका खुर्चीत बसल्या जागी त्या जिन्यावरून पुन्हा एकदा खाली आले. पडद्यावर खांदा आपटला की इकडे त्यांचा खांदा आखडे. मग ते लंगडणं. मग घोडा. घोडा आला की उठायचं, ही त्यांची रीत. ते उठू लागले.

“बसा. मत जाईल,” ताई म्हणाली.

“गुडघा दुखतोय गं.”

“त्या गुडघ्याने तिकडे एवढी मेहनत केलीय, इकडे बसायला काय धाड भरलीय त्याला?”

काका बसले. डोळे नसले, तरी मी फळ्याच्या कडेवरून पाहत होतो. अंधारात त्यांचं तोंड कसं झालं होतं ते फक्त मला दिसलं, आणि मला तेव्हा वाटलं ते दुखण्यामुळे असेल.

नायकाने सूड घेतला. थोडी विश्रांती घेऊन पुन्हा घेतला. सिनेमा संपला आणि नावं वर सरकू लागली. लोक आळोखेपिळोखे देऊ लागले. ताई मात्र उठून भिंतीपाशी गेली. इतकी वर्षं तिने वडिलांना पडताना पाहिलं होतं, आज त्यांचं नाव वाचायचं होतं. अक्षरं बारीक होती, पण तिच्यासाठी कसली बारीक? ती मोठ्याने वाचत गेली. जेवण देणारे. कपडे शिवणारे. पावसासाठी पाणी पुरवणारे. घोडा सांभाळणारा. मग खुद्द घोडा, त्याच्या नावासकट. जिना बनवणारा सुतार. आणि सगळ्यांत शेवटी दिग्दर्शकाचं नाव, एवढं मोठं की भिंत कमी पडली.

जिना बनवणाऱ्याचं नाव होतं. जिन्यावरून पडणाऱ्याचं नव्हतं.

तिने नावं पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा घोडा आला, पुन्हा सुतार आला. बाकी कोणी आलं नाही.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

काका गुडघा चोळत होते. “पहिल्या दिवशी तुझ्या आईला घेऊन गेलो होतो,” ते म्हणाले. “शेवटपर्यंत बसलो. ती म्हणाली, बारीक अक्षर आहे, सुटलं असेल नजरेतून. म्हणून पुन्हा तिकीट काढलं.” त्यांनी दुखरा पाय हाताने उचलून सरळ केला. मग म्हणाले, “नंतर मी आपला जिना झाला की उठायला लागलो.”

म्हणजे मित्रांनो, त्या खोलीत तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला, मताचा खरा हक्क असलेला एकच माणूस होता. आणि त्यानेच सांगितलं होतं, टाका पुसून.

ताईचा हात मागे आला. तिच्या हाताला मी लागलो. भिंतीवर अजून ते भलंमोठं नाव होतं. तिने मला उचललं आणि फेकलं. मित्रांनो, गणिताच्या मास्तरांनंतर मला पहिल्यांदाच कोणी रागाने फेकलं, आणि मी बरोबर त्या नावाच्या मधोमध जाऊन लागलो. गिलाव्याचा पोपडा पडला. माझाही एक कोपरा तुटला. दुखलं. पण इतक्या वर्षांत मी प्रथमच ज्याला लागायला हवं होतं त्याला लागलो होतो.

अध्यक्ष उभे राहिले. या अनुपस्थितीतही एक फार खोल अर्थ आहे, असं काहीतरी ते सुरू करत होते.

“डॉक्टर,” टक्केवारी म्हणाला, “तोंड मिटा.”

दातांच्या डॉक्टरला हे वाक्य आजवर कोणी ऐकवलं नसावं. ते खाली बसले.

टक्केवारीने मला जमिनीवरून उचललं. फळ्यापाशी जाऊन त्याने दहाव्या नंबरवरचा दुसरा रकाना, तो ‘कोणाचा’ असलेला, माझ्या उरलेल्या कोपऱ्यांनी खसाखसा पुसला. दिग्दर्शक माझ्या पोटात गेला. मग त्याने खडू घेतला, हात वर केला आणि तसाच थांबला.

“काका,” तो म्हणाला, “नाव काय तुमचं?”

सभासदांना सहाव्या नंबरच्या सिनेमातल्या नायिकेच्या कुत्र्याचं नाव पाठ होतं. आणि दरवर्षी त्यांच्याच शेजारी येऊन बसणाऱ्या, त्यांच्यासमोरच जिन्यावरून पडणाऱ्या माणसाचं नाव ताई सोडली तर एकालाही माहीत नव्हतं. माझा राग आहे तो इथे आहे. दिग्दर्शकाने एकदाच वगळलं. या लोकांनी दरवर्षी वगळलं, आणि वर जिनाकाका म्हणून हाका मारल्या.

काकांनी नाव सांगितलं. टक्केवारी लिहू लागला तसे म्हणाले, “फार मोठं नको काढूस. घोड्याएवढं चालेल.”

मग मत झालं. सिनेमाला दोनच गुण राहिले, त्यात टक्केवारीने एक दमडीही वाढवली नाही. फक्त पुसायला कोणाचा हात वर आला नाही. सिनेमा दहावाच आहे, भिकारच आहे आणि आता ज्याचा आहे त्याचा आहे. ताई काकांना घेऊन गेली. कोमट जिन्यावरून ते एकेक पायरी जपून, कठड्याला धरून उतरत होते, आणि या वेळी सगळा क्लब दारात उभा राहून बघत होता.

आता माझं मागणं. डस्टर झटकत जा, खिडकी जवळच असते. सिनेमा संपला की चपला शोधू नका, नावं वाचा, आणि ज्याचं नाव सुटलंय असं वाटेल त्याला तोंडाने विचारा. दहाव्या नंबरचं नाव मी तुम्हाला इथे सांगणार नाही. ज्याला हवं असेल त्याने लॉंड्रीशेजारचा जिना चढून यावं आणि फळा वाचावा. पण ते नाव पुसायला मला उचलू नका. माझे तीन कोपरे अजून शाबूत आहेत, आणि कोणाला लागायचं ते आता मला कळलेलं आहे.