खडगूर बरा होतो का?

तिने खडगूरच्या पोशाखाचा उजवा पाय खालून चार बोटं कापला, पट्टी बाजूला टाकली आणि डाव्याला कात्री लावली. पोशाखात तिचा दीर होता, स्टुलावर उभा. जाड हिरव्या कापडावर रबराचे खवले आणि आत स्पंज, त्यामुळे धाकट्याच्या गळ्यावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मुखवटा त्याने काखेत धरला होता.

"हलू नकोस."

"कुठे हलतोय? वहिनी, पाठीत काहीतरी टोचतंय."

टोचणारच. हॉस्पिटलात हा पोशाख मानेपासून कमरेपर्यंत उभा चिरून काढला होता. तिने तो दुहेरी दोऱ्याने शिवला होता, वर नवे खवले चिकटवले होते. आता कुठे चिरलं होतं ते सांगूनही कुणाला कळलं नसतं. पोशाख दीड महिन्यात ठणठणीत बरा झाला. त्यातला माणूस घरी कॉटवर होता.

"दादाला सांगितलंस?"

तिच्या ओठांत टाचण्या होत्या. उत्तर न द्यायला तेवढं निमित्त पुरलं.

पार्कचा मॅनेजर आत आला आणि त्याने धाकट्याभोवती एक चक्कर मारली. बाजारात बैल बघतात तसं बघितलं.

"वा! अगदी तोच. जरा आखूड आहे, पण पोरांना काय कळतंय? बाई, रविवारी खेळ. बाहेर पाटी लावतोय, खडगूर परत आला." मग त्याने एक फुगलेली पिशवी तिच्या पायाशी ठेवली. "ही पोरांची पत्रं. साचलीत. नवऱ्याला द्या, पडल्या पडल्या उत्तरं देईल. हात शाबूत आहेत ना त्याचे?"

"आहेत."

"मग झालं तर."

पार्कातल्या त्या दर रविवारच्या खेळाला आठ वर्षं झाली होती. दूरच्या ग्रहावरून आलेला लढवय्या खडगूर बुरुजावर लढे, वार खाऊन खाली कोसळे आणि वीस आकडे मोजेपर्यंत बरा होऊन उठे. खडगूर कुठल्याही जखमेतून बरा होतो, हात तुटला तर नवा फुटतो, हे सगळं तिच्या नवऱ्याच्या डोक्यातून निघालेलं. एक नियमही त्यानेच केला होता: बरा होत असताना खडगूरला हात लावायचा नाही. हात लावला की जखम जन्मभराची. खरं कारण साधं होतं. पहिल्या वर्षी पोरं मंचावर चढून खवले उपटून न्यायची आणि ते पुन्हा चिकटवत तिची रात्र जायची. नियम आला तशी पोरं शहाण्यासारखी जागेवर बसून मोजायला लागली. माईकवरून आकडे म्हणायचं काम तिचं.

त्या दिवशी तिचा नवरा बुरुजाखालच्या गादीवर पडला नाही. हातभर अलीकडे पडला.

तिने मोजायला सुरुवात केली होती. सातवर त्याने तळवा वर केला. असं काही ठरलेलं नव्हतं. तिला वाटलं, आज गडी रंगात आलाय. चक्क कौतुक वाटलं तिला. वीस झाले, तो उठला नाही. मॅनेजर तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "पुन्हा एकपासून!" आणि तिने पुन्हा एकपासून मोजलं. तिचा आवाज कापत होता, पण चारशे पोरांच्या ओरडण्यात तो कुणाला ऐकू येणार? दुसऱ्यांदा वीस झाले तेव्हा मॅनेजरने धाकट्याला खूण केली. धाकटा शत्रूचा शिपाई व्हायचा. त्याने आणि दुसऱ्या एका शिपायाने काखेत हात घालून त्याला उभा केला आणि पडद्याआड नेला. पोरांनी बाकं बडवली. खडगूर उठला होता.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "पडल्यावर कुणी उचललं, उभं केलं?"

तिने धाकट्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा फटक पडला होता.

"नाही," ती म्हणाली. "स्ट्रेचर येईपर्यंत कुणी हात लावला नाही."

"बरं केलंत. पुष्कळदा पडल्याने होत नाही तेवढं उचलल्याने होतं."

चौथ्या दिवशी त्यांनी तिला एकटीला बोलावून सांगितलं की तो पुन्हा चालणार नाही. तिने त्याच्या खाटेशी येऊन सांगितलं, सहा महिने लागतील. तो म्हणाला, चालेल, पण तेवढे दिवस पोशाख कुणाला घालू देऊ नकोस. तिने सांगितलं, कपाटात आहे, कुलूप घातलंय. एकदा खोटं बोलायला लागलं की सोपं जातं, याची तिला स्वतःचीच किळस आली होती.

दुपारी ती पिशवी घेऊन घरी आली. त्याला कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, टाचा बघितल्या. वळवताना तिच्या बाहीला चिकटलेला एक हिरवा खवला त्याने चिमटीत धरून काढला. नखाएवढाच होता. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि उशीशेजारी ठेवला.

"पत्रं आलीत," ती म्हणाली.

"वाच. आणि तूच लिहून घे. कुशीवर मला जमत नाही."

त्याचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. ती वाचत गेली, तो सांगत गेला.

"खडगूर दात घासतो का?"

"घासतो. विटेने."

"खडगूरला आई असते का?"

"असते. म्हणून तर इतका चिडका आहे."

ती हसली. तोही हसला. पाच-सहा पत्रं अशी झाली आणि तिला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर काय बिघडेल? घर चालेल, दिवस जातील.

पुढचं पत्र तिने उघडलं आणि मनात वाचलं. मग घडी घातली.

"याचं अक्षर लागत नाही."

"आण इकडे."

"जाऊ दे ना, दुसरं घेते."

त्याने हात पुढे केला तो मागे घेतलाच नाही. शेवटी तिने पत्र दिलं. तो ते मोठ्याने वाचू लागला. अक्षर टपोरं होतं, वहीच्या कागदावर, ओळीला धरून.

"मी पहिल्या रांगेत होते. खडगूर नको नको म्हणत होता. तरी दोघांनी त्याला उचललं. त्याचे पाय मागे घसटत होते. तुम्ही सांगितलंय की हात लावायचा नाही. मी आईला म्हटलं, ते चुकतायत. आई म्हणाली, खोटं खोटं असतं. मग खडगूर बरा झाला का?"

त्याने कागद छातीवर ठेवला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"लिही," तो म्हणाला.

तिने पेन उचललं.

"हो. खडगूर बरा झाला आहे. रविवारी येऊन बघ."

तिने लिहिलं.

"फक्त चार बोटं बुटका झाला आहे. एवढ्या मोठ्या दुखण्यात तेवढं चालायचंच."

पेन कागदावर थांबलं. तो उशीशेजारच्या खवल्याकडे बघत होता.

"इतके बारीक खवले घोट्यालाच असतात," तो म्हणाला. "मीच कापले होते. धाकट्याला बरोबर बसला ना पोशाख?"

"अरे, मी सांगणारच होते..."

"नको म्हटलेलं त्याला ऐकू गेलं होतं. मुखवट्याला त्याचा कान लागला होता. तो म्हणाला, दादा, एकच मिनिट." त्याचा आवाज जराही चढला नव्हता. "आणि डॉक्टरीणबाई विचारत होत्या तेव्हा मी शुद्धीत होतो. मध्ये नुसता पडदा होता."

ती रडायला लागली. दीड महिना तो रोज तिच्या हातचं खात होता, सहा महिन्यांचा हिशेब तिच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकून घेत होता, आणि हे सगळं त्याला ठाऊक होतं. तिने पत्रं खाली ठेवली आणि त्याच्या पायावर हात ठेवायला वाकली.

"हात लावू नकोस."

तिचा हात हवेतच राहिला.

"मोज," तो म्हणाला.

"असं नको रे करू."

"मोज. माईकवर मोजतेस तसं."

तिने पदराने नाक पुसलं आणि मोजायला लागली. सुरुवातीला आवाज फुटत नव्हता, पाचनंतर फुटला. सात म्हणताना तिला त्याचा वर झालेला तळवा आठवला आणि ती अडखळली. तो वाट बघत राहिला, तशी तिने आठ म्हटलं. चादरीखालच्या त्याच्या पायांवर दोघांचीही नजर होती. अठरा. एकोणीस. वीस.

चादर हलली नाही.

"पुन्हा एकपासून," तो म्हणाला.